आई, ही शाई जात का नाही?

20 नोव्हेंबर 2024. विधानसभेच्या मतदानाला माझी ड्यूटी होती, मतदान अधिकारी क्रमांक दोन. म्हणजे शाईची बाटली माझ्या पुढ्यात. पहाटे साडेपाचला मॉक पोल, सातला मतदान सुरू, आणि मग संध्याकाळी रांग संपेपर्यंत एकच काम. समोरच्याची सही किंवा अंगठा घ्यायचा, डाव्या हाताची तर्जनी धरायची आणि नखापासून पहिल्या पेरापर्यंत शाईची रेघ ओढायची. भेगा पडलेली बोटं, पीठ लागलेली बोटं, नुकतीच अठरा पूर्ण झालेल्या मुलींची नेलपॉलिश लावलेली बोटं. यंत्रं जमा करून घरी पोचले तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. नववीतला मुलगा जागाच होता. आजीचं बोट बघितल्यापासून त्याच्या डोक्यात एकच घोळत होतं. "आई, ही शाई जात का नाही?"

मी म्हटलं, "झोप आता. उद्या बोलू."

दुसऱ्या दिवशी ते बोलणं राहूनच गेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई मोरीत पाटावर बसून लिंबाच्या फोडीनं बोट घासताना दिसल्या. तर्जनी लालबुंद झाली होती, नखाच्या कडेचं कातडं सोलपटलं होतं. विचारलं तर म्हणाल्या, "अगं, नातूच म्हणाला, ही शाई रक्तात उतरते."

झालं होतं असं की मुलानं तोच प्रश्न एका व्हिडिओखाली टाकला होता. कुणा अनोळखी माणसानं उत्तर दिलं की ही शाई विषारी असते, हळूहळू रक्तात जाते. मुलानं ते वर्गाच्या ग्रुपवर टाकलं आणि स्वतःचं मतही जोडलं: सरकार लोकांच्या बोटाला विष लावतं, आपापल्या आजी-आजोबांची बोटं लगेच धुवा. त्या दिवशी आणखी दोन-तीन घरांत म्हाताऱ्या माणसांची बोटं घासली गेली, हे मला नंतर कळलं.

ही गोष्ट मी तुम्हाला, माझ्यासारख्याच आई-बाबांना, मुद्दाम सांगते आहे. कारण मुलाला रागवायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. प्रश्न त्यानं आधी माझ्याकडेच आणला होता. पाचेकशे बोटांना स्वतःच्या हातानं शाई लावून आलेल्या आईकडे. आणि खरं सांगायचं तर उत्तर मलाही ठाऊक नव्हतं.

मग त्या संध्याकाळी आम्ही दोघं बसलो. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना फोन केला, त्याचं पुस्तक काढलं, शोधून वाचलं. ही शाई म्हैसूरला तयार होते. म्हैसूर पेंट्स अँड वॉर्निश नावाचा कारखाना आहे, महाराजांच्या काळात, 1937 साली निघालेला, आता कर्नाटक सरकारचा. 1962 च्या निवडणुकीपासून आपल्या बोटांवर त्यांचीच शाई लागते. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, म्हणजे चांदीचा क्षार. आपल्या कातडीवर घामाचं मीठ असतंच. त्या मिठाशी त्याची गाठ पडली की सिल्व्हर क्लोराईड तयार होतं. ते पाण्यात विरघळत नाही आणि उजेड लागला की काळं पडत जातं. म्हणून साबण चालत नाही, लिंबू चालत नाही. कातडीवरचा डाग वरची कातडी झडली की जातो, नखावरचा मात्र नख वाढून कापलं जाईपर्यंत राहतो. रक्ताबिक्तात काही उतरत नाही.

हे कळल्यावर मुलगा बराच वेळ गप्प बसला. मग त्यानं विचारलं, "आता ग्रुपवर काय लिहू?" मी सुचवणार होते, पण थांबले. त्यानं स्वतःच लिहिलं: परवा मी लिहिलं ते चुकीचं होतं, मी नीट विचारलं नव्हतं, खरं कारण हे आहे. खाली चार ओळींत शाईचं रसायनशास्त्र. पाठवायच्या आधी फोन माझ्या हातात दिला. "वाच ना एकदा." त्या तीन शब्दांचं मोल मला त्या क्षणी कळलं, आणि तेच तुमच्यापर्यंत पोचवायचं आहे.

आपण पालक दोनच गोष्टी करतो. एक तर मोबाईल हातात देऊन मोकळे होतो, नाहीतर हिसकावून घेतो. मधली जागा रिकामीच राहते. ती जागा म्हणजे काय, ते एका जुन्या गोष्टीतून सांगते. 1848 साली मुंबईच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात पंचवीस वर्षांचा एक सरकारी नोकर टोपणनावानं पत्रं लिहू लागला. लग्नातला खर्च, विधवांचे हाल, विद्या, इंग्रजांचं राज्य, जे जे रोज दिसतं त्यावर त्याचं रोखठोक मत. ते गोपाळ हरी देशमुख, आपले लोकहितवादी. पुढे ती पत्रं 'शतपत्रे' म्हणून ओळखली गेली. आज ती वाचताना मला त्यांच्या धिटाईइतकेच भाऊ महाजन आठवतात, त्या साप्ताहिकाचे संपादक. मत आणि वाचक यांच्यामध्ये एक जाणता माणूस होता, आणि एक आठवडा होता. आपल्या मुलांच्या मतापुढे आज कुणीच नाही. अंगठा टेकला की गेलं जगात. भाऊ महाजनांची ती जागा घरात आपली आहे. संपादक लेखकाचं तोंड दाबत नाही, तो लेखकाचा पहिला वाचक असतो.

राजकारणाचं म्हणाल तर तिथे आपली भीती फार जुनी आहे. गेल्या वर्षी मी शिकवते त्या वर्गाच्या पालकसभेत एक वडील माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, पोरीला तुम्हीच समजवा, असलं काही लिहू नको म्हणावं." मुलगी सातवीतली. मिरवणुकीतल्या डीजेमुळे तिच्या आजोबांना रात्रभर झोप लागली नाही, छातीत धडधडत होतं, म्हणून तिनं लिहिलं होतं की आवाजाला काही मर्यादा हवी. मंडळाच्या मुलांनी खाली वाट्टेल ते लिहिलं. वडिलांनी पोस्ट काढायला लावली आणि चार दिवस फोन कपाटात ठेवला. मुलीनं त्यानंतर वर्गातही बोलायचं सोडलं. ती समोर बसते, डोळे बोलतात, हात वर होत नाही. मला ते पाहवत नाही.

वडिलांची भीती मी खोटी म्हणणार नाही. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे गेले, सगळं बंद होतं, तेव्हा पालघरच्या एका तरुणीनं फेसबुकवर या बंदबद्दल प्रश्न केला आणि दुसरीनं त्याला नुसतं लाईक केलं. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पण आपण गोष्ट इथेच सोडतो, आणि मुलांनाही एवढीच सांगतो. पुढचं सांगत नाही. त्या मुलींवरचा खटला टिकला नाही. पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. ही अटक पाहून श्रेया सिंघल नावाची तरुणी थेट सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि 24 मार्च 2015 ला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66 अ न्यायालयानं घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. चर्चा करणं, एखाद्या मताची बाजू घेणं, मग ते कितीही लोकांना न आवडणारं असो, हा हक्क आहे. चिथावणी दिली तिथे ओलांडू नये ती रेषा आहे, असं त्या निकालात आहे. सातवीतल्या मुलीला हे समजतं. मी तिला समजावून पाहिलं आहे.

ती रेषा ओलांडली की काय होतं, तेही आपल्याच राज्यात घडलेलं आहे. 1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आली आहे असे मेसेज मोबाईलवर फिरत होते. मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी बाजाराच्या दिवशी त्या गावात आले, आणि जमावानं त्या पाचही जणांना मारून टाकलं. ते मेसेज पुढे पाठवणारी मुलं नव्हती. घराघरांतली मोठी माणसं होती, आपापल्या लेकरांच्या काळजीनं पाठवणारी. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं आपल्या देशात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि पुढे ढकललेल्या मेसेजवर तशी खूण यायला लागली.

म्हणून माझी कळकळीची विनंती आधी आपल्यालाच आहे. तुमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर सकाळी काय काय येतं ते एकदा मुलाच्या डोळ्यांनी बघा. कुठल्या तरी औषधानं साखर कायमची जाते, कुठल्या तरी पुढाऱ्याचा आजोबा कोण होता, अमक्या जातीची, अमक्या धर्माची माणसं कशी. आपण वाचतो, पुढे सरकवतो, आणि जेवताना पोराला सांगतो की विचार करून लिहीत जा. मुलं आपलं ऐकत नाहीत असं आपण म्हणतो. ती आपल्याला बघत असतात. माझ्या मुलानं चूक कबूल करणारा मेसेज लिहिला त्यानंतर मी आमच्या ग्रुपवर, वर्षापूर्वी मीच पाठवलेल्या एका खोट्या औषधाबद्दल लिहिलं, की ते चुकीचं होतं. नणंदेनं विचारलं, "आता का गं?" सांगितलं, घरात एकानं लिहिलं म्हणून.

वेळ कुठून आणायचा, हे विचाराल. दोघं नोकरीवर, म्हातारी माणसं, स्वयंपाक. मला ठाऊक आहे, मीही त्याच गाड्याला जुंपलेली आहे. रोज तास काढायची गरज पडत नाही. भाजी निवडताना, मूल स्कूटरवर मागे बसलेलं असताना, दिवे गेलेले असताना विचारा, आज काय लिहिलंस? कुणी काय उत्तर दिलं? आणि ऐकताना मध्येच "तुला काय कळतंय" हे तीन शब्दांचं कुलूप लावू नका. उत्तर माहीत नसेल तर तसं सांगा. मुलांना ते फार आवडतं, की आई-बाबांनाही अजून काही शोधायचं आहे. शाळेचं नाव, गणवेशातला फोटो, घर कुठल्या गल्लीत, हे अनोळखी माणसाला कळू द्यायचं नाही, एवढं मात्र पहिल्या दिवशीच ठामपणे सांगून टाका. त्यात चर्चा नको.

आमच्याकडे आता एक दोनशे पानी वही स्वयंपाकघरात फ्रीजवर ठेवलेली असते. ज्याला जे पडेल तो प्रश्न त्यानं लिहायचा. पहिल्या पानावर शाई आहे. पुढे, लाल दिव्याची गाडी का बंद झाली, कढीपत्ता तेलात का तडतडतो, नगरसेवकाला पगार असतो का, आजोबा गेल्यावर आजी टिकली का लावत नाही. या शेवटच्या प्रश्नापाशी सासूबाई आणि मुलगा एक अख्खी दुपार बोलत बसले होते. मी मध्ये गेले नाही. त्यानं ते कुठे लिहिलं नाही, लिहावंसं वाटलं नाही म्हणाला.

संक्रांतीला तिळगूळ घेताना त्यानं आजीचा हात तसाच धरून ठेवला. नखाच्या मुळाशी गुलाबी पट्टी दिसत होती, काळा डाग पुढे सरकला होता. "आई, नख महिन्याला किती वाढतं?" मी गॅस बारीक केला. सासूबाई म्हणाल्या, "पट्टी आण की रे, बोट इथंच आहे."