नवा एसएमपीएस बसवूनही पीसी सुरू होत नाही

प्रश्न : वीज गेली-आली आणि एसएमपीएस जळला. नवा बसवला, पण पंखा क्षणभर फिरून थांबतो. मदरबोर्ड गेला का?

उत्तर : इतक्यात तसं धरून चालू नका. बहुधा कुठेतरी शॉर्ट आहे आणि नवा एसएमपीएस स्वतःला वाचवतोय. प्लग काढा. हार्ड डिस्क, ग्राफिक्स कार्ड बाजूला ठेवा, रॅमही एकच ठेवा. प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची वायर घट्ट बसलीय ना, तेही बघा. मग प्लग लावून पीसी सुरू करा. पंखा फिरत राहिला, तर दर वेळी प्लग काढून एकेक भाग जोडत जा. डेटा असलेली डिस्क सगळ्यात शेवटी. जुन्या मॉड्युलर एसएमपीएसच्या वायरी नव्याला अजिबात लावू नका. पिनांची मांडणी वेगळी असली तर चांगली डिस्कही जळते. जुना एसएमपीएस घरी उघडू नका. कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या आसपास दाब शिल्लक असू शकतो.