उच्च रक्तदाब आणि पेशींचा दाह

उच्च रक्तदाब हा केवळ हृदयाचा, रक्तवाहिन्यांचा वा मूत्रपिंडांचा विकार होय, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. रोगजंतूंपासून शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींचाही त्यात वाटा असतो, असे आता दिसून आले आहे.

अमेरिकेतील एमरी विद्यापीठाच्या संशोधकांनी 2007 साली टी व बी या दोन्ही प्रकारच्या पेशी नसलेल्या उंदरांना अँजिओटेन्सिन हे रक्तदाब वाढविणारे द्रव्य दिले. त्यांचा रक्तदाब इतर उंदरांइतका वाढला नाही. टी-पेशी दिल्यावर मात्र तो वाढला. बी-पेशींनी तसे घडले नाही. या पेशी रक्तवाहिन्यांभोवती व मूत्रपिंडांत जमतात. त्यांच्या स्रावांमुळे दाह होतो, वाहिन्या ताठर बनतात आणि शरीरात मीठ व पाणी साठून राहते. जादा मीठही अशा पेशींना चेतविते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे.

म्हणून दाहशामक गोळ्या घ्याव्यात काय? मुळीच नाही. अंगदुखीवरील अशा अनेक गोळ्यांनी रक्तदाब उलट वाढतो. वाशीम जिल्ह्यातील जऊळक्यासारख्या गावी दिवसभर शेतात राबणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

दिवसाला एकूण मीठ 5 ग्रॅमपेक्षा कमी असावे. लोणचे व पापड यांतील मीठही त्यात धरावे. तंबाखू वर्ज्य करावी. तिशीनंतर आरोग्य केंद्रात नियमित तपासणी करून घ्यावी. रक्तदाब वारंवार 140/90 वा त्याहून अधिक आढळल्यास वैद्यकीय सल्ल्याने उपचार घ्यावेत. बरे वाटले तरी औषध आपणहून थांबवू नये. कारण हा विकार बहुधा कोणतीही सूचना न देता वाढतो.