विमानात जास्त माल भरला तर काय होते?

आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात डोंग्यातून नदी ओलांडलेले तुमच्यापैकी बरेच जण असतील. एकेक माणूस चढतो तसा डोंगा थोडा थोडा खाली बसतो. काठ पाण्याजवळ आला की नावाडी म्हणतो, "आता बस, पुढच्या फेरीला या." म्हणजे वजन जास्त झाले हे डोंगा स्वतःच दाखवतो. तरी माणसे ऐकत नाहीत. आपल्याकडे वाहत येणारी ही वर्धा नदी, तिच्यावरच अमरावती जिल्ह्यात वरुडजवळ झुंज येथे १४ सप्टेंबर २०२१ रोजी जास्त माणसे बसलेली नाव उलटली आणि ११ जण बुडाले.

विमान असे काहीच दाखवत नाही. जमिनीवर सगळा भार चाकांवर असतो. पंखांची खरी परीक्षा होते धावपट्टीच्या शेवटी, आणि तिथे नापास झाले तर दुसरी फेरी नाही.

८ जानेवारी १९९६ ला आफ्रिकेत झैर (आताचे काँगो) देशाच्या किन्शासा शहरात हेच झाले. अँटोनोव्ह-३२ जातीचे मालवाहू विमान, इंधन काठोकाठ, त्यात माल मर्यादेपेक्षा जास्त. विमान पळाले, पण नाक वर उचलेना. धावपट्टी संपली. पुढे भरलेला बाजार होता! आपल्या आठवडी बाजारासारखीच दाटी. विमान थेट त्यात घुसले. २०० हून जास्त माणसे गेली. विमानातले बहुतेक कर्मचारी मात्र वाचले. माल भरला कोणी आणि मेले कोण, बघा.

आता गणित करू. विमान पळते तेव्हा पंखांवरून वाहणारी हवा त्याला वर उचलते. वेग दुप्पट झाला की ही उचल चौपट होते. समजा वजन २० टक्के वाढले. मग उडायला साधारण १० टक्के जास्त वेग हवा. पण इंजिन तर तेच आहे, त्यामुळे जड विमानाचा वेग वाढतोही हळू. दोन्ही मिळून १.२ × १.२ = १.४४. म्हणजे १००० मीटरची धावपट्टी पुरत होती तिथे आता सुमारे १४४० मीटर लागेल (चाकांचे घर्षण वगैरे सोडून). वजन फक्त २० टक्के जास्त, धावपट्टी ४४ टक्के जास्त! वर्गात मुलांना वाटले गुणाकारच चुकला. आणि "उडत नाही" हे वैमानिकाला कळेपर्यंत ब्रेक मारायलाही जागा उरत नाही, कारण जड विमान थांबतेही उशिरा.

त्यात ऊन. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६ च्या वर जातो. तापलेली हवा विरळ होते, विरळ हवा कमी उचलते. म्हणून कडक दुपारी त्याच विमानात माल कमी भरावा लागतो.

माल कुठे ठेवला हेही महत्त्वाचे. २९ एप्रिल २०१३ ला अफगाणिस्तानात बग्राम येथे बोईंग ७४७ मालवाहू विमान उडताच आत बांधलेली लष्करी गाडी सुटून मागे सरकली. विमान कोसळले, ७ जण गेले.

घरी करून पाहा : कागदाचे विमान करा. त्याला आधी एक, मग चार यू-पिना लावा. नंतर त्याच चार पिना एकदा नाकाजवळ, एकदा शेपटीजवळ लावून उडवा. प्रत्येक वेळी विमान किती पावले गेले ते वहीत लिहून आणा.