काढलेले फंक्शन आणि मागे उरलेली पाने

संगणकाची भाषा वाढते, तशी तिच्यातील काही जुनी साधने गळून पडतात. परंतु साधन काढले म्हणजे काम संपले असे नव्हे. त्याविषयी लिहून ठेवलेली माहिती सुधारणे हे उरलेले निम्मे काम होय. पायथन भाषेतील एका उदाहरणावरून आपण हे समजून घेऊ.

पायथनच्या ‘टाइम’ विभागात ‘क्लॉक’ नावाचे फंक्शन होते. आज्ञावलीस किती वेळ लागला, हे मोजण्यासाठी ते वापरीत. मात्र युनिक्स प्रणालीवर ते प्रोसेसरने प्रत्यक्ष खर्च केलेला वेळ सांगे, तर विंडोजवर पहिल्या वापरापासून घड्याळात लोटलेला वेळ सांगे. आज्ञावली ५ सेकंद नुसती थांबली, तर विंडोजवर उत्तर ५ च्या आसपास येई आणि युनिक्सवर शून्याच्या जवळपास! नाव एक, अर्थ दोन. म्हणून २०१२ मधील ३.३ या आवृत्तीत ते कालबाह्य ठरविले गेले आणि २०१९ मधील ३.८ या आवृत्तीत काढून टाकण्यात आले.

अशा वेळी माहितीपुस्तिकेत तीन कामे करावी लागतात. पहिले, त्या फंक्शनची नोंद नव्या आवृत्तीतून वगळणे. दुसरे, बदलांच्या पानावर ते काढल्याचे व त्याऐवजी काय वापरावे याचे स्पष्ट टिपण देणे: लोटलेला वेळ हवा असल्यास ‘परफ काउंटर’, प्रोसेसरचा वेळ हवा असल्यास ‘प्रोसेस टाइम’. तिसरे, इतर पानांवरील उदाहरणांत जुने नाव राहिले नाही ना, हे तपासणे. जुन्या आवृत्तीची पुस्तिका मात्र नष्ट करीत नाहीत. ती आवृत्ती वापरणाऱ्यास तीच उपयोगी पडते.

हे तिसरे काम राहून गेले, तर त्याची झळ नवशिक्या विद्यार्थ्यास बसते. पुस्तकातील उदाहरण तो अक्षरशः उतरवून घेतो, पडद्यावर चूक दिसते आणि ‘मलाच जमत नाही’ असे तो मानून बसतो. वस्तुतः चूक त्याची नसते. पान जुने झालेले असते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची एक विनंती आहे. ग्रंथालयास संगणकाची पुस्तके अवश्य द्यावीत. पण पहिल्या पानावर भाषेची आवृत्ती आणि वर्ष लिहून द्यावे. तेवढ्या एका ओळीने एखाद्या मुलाचा आत्मविश्वास टिकेल, असे आम्हांस वाटते.