पासिंग झाले, पण टायरचे काय?

व्यापारी बंधूंनो, भिवंडीहून माल आणायला टेम्पो ठरवताना आपण भाडे विचारतो, फार तर कागद पाहतो आणि गाठी चढवतो. खाली वाकून टायर कोण पाहतो? मीही पाहत नव्हतो. एका पावसाळ्यात लालबागच्या पुलाजवळ माझ्या मालाच्या टेम्पोचा मागचा टायर फुटला. अल्लाहची मेहरबानी, कोणी जखमी झाले नाही. पण गाठी चिखलात पडल्या आणि त्यातला अर्धा माल दुसऱ्याची अमानत होती. पासिंगचा कागद पाहिला, तर चार महिन्यांची मुदत अजून शिल्लक!

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 56 प्रमाणे फिटनेस सर्टिफिकेट नसेल तर मालवाहू गाडीची नोंदणीच वैध मानली जात नाही. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. म्हणजे निरीक्षक गाडी पाहतो ती एका दिवसाची. पासिंगपुरते चांगले टायर चढवून नंतर उतरवणारेही आहेतच. समृद्धी महामार्गावर 2023 मध्ये आरटीओने टायर तपासून खराब टायरच्या गाड्या परत पाठवल्या. आपल्या परळच्या गल्लीत अशी चौकी नाही.

आता कापडवाल्याला समजेल असे सांगतो. टायर म्हणजे नुसते रबर नव्हे. आत नायलॉनच्या दोऱ्यांचे थर असतात, हवेचा दाब आणि मालाचे वजन तेच पेलतात. रबर हे वरचे अस्तर. फुटपाथच्या कडेला किंवा खड्ड्यात जोरात आदळून दोरे तुटले की बाजूला फुगा येतो. त्याला पंक्चरवाला काही करू शकत नाही, तो टायर बदलायचाच. चीर पडून आतला दोरा दिसू लागला तरी तेच. माझ्या टेम्पोच्या टायरला फुगा होता, पण आतल्या बाजूला. म्हणून टॉर्च घेऊन आतूनही पाहावे.

खाचांची खोली चारचाकीला किमान 1.6 मिलिमीटर, तीनचाकीला 0.8 मिलिमीटर हवी. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की संपला. काही ठिकाणी गोटा झालेल्या टायरमध्ये गरम पात्याने नव्या खाचा पाडून विकतात. त्याने दोऱ्यावरचे रबर आणखी पातळ होते. असा स्वस्त माल घेऊ नये.

झीजही बोलते. मधोमध झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी किंवा माल जादा, एकच कड झिजली तर अलाइनमेंट बिघडलेली. यात कमी हवा सर्वांत वाईट. टायर सारखा चेपतो, तापतो आणि दोऱ्यांची पकड सुटते. मागे जोडटायर असतील आणि एकात हवा नसेल, तर सगळे ओझे दुसऱ्यावर पडते आणि बाहेरून काहीच कळत नाही. हवा सकाळी, टायर थंड असतानाच मोजावी.

टायरवर चार आकडी शिक्का असतो. 3519 म्हणजे 2019 चा पस्तिसावा आठवडा. जुना टायर न चालताही कडक होऊन तडकतो.

हल्ली मी गाठी चढवण्याआधी ड्रायव्हरभाईला स्टेपनी उतरवून दाखवायला सांगतो. दोघे तेवढ्यावरूनच भाडे सोडून निघून गेले.