घाटेअळीच्या आतड्यातले ट्रिप्सिन मोजताना

हरभऱ्याच्या दाण्यात ट्रिप्सिन हे पचनाचे विकर रोखणारी प्रथिने असतात, तरी घाटेअळी तो खुशाल पचवते. कारले किंवा चौधारीच्या बियांतली अशीच प्रथिने मात्र तिच्या विकरांना चांगला पायबंद घालतात, हे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी चौधारीबाबत १९९९ मध्ये आणि कारल्याबाबत २००३ मध्ये दाखवले. ही तुलना महाविद्यालयातही करता येते.

भरपूर खाणारी, मोठी अळी बर्फावर गार करून मधले आतडे काढा. थंड बफरमध्ये घोटा, सेंट्रिफ्यूज करा, वरचे नितळ द्रव घ्या. त्यात सवयीने प्रोटिएज-रोधकांचे तयार मिश्रण घालू नका. जे मोजायचे तेच बंद पडेल. बफर ग्लायसीन-सोडियम हायड्रॉक्साइडचा, सामू १०, कारण या अळीचे आतडे फार अल्कधर्मी असते.

रंग देतो तो बीएपीएनए. ट्रिप्सिनने त्याचा बंध तोडला की पिवळे पॅरा-नायट्रोअनिलीन सुटते. तो आधी थोड्या डीएमएसओमध्ये विरघळवा, मग बफर घालून १ मिलिमोलर करा. विकर (आतड्याचा अर्क) आणि रोधक (बियांचा अर्क) ३७ अंश सेल्सिअसला १५ मिनिटे एकत्र ठेवा, नंतरच बीएपीएनए घाला. एकूण १ मिली. दहा मिनिटांनी ३० टक्के अ‍ॅसिटिक आम्ल ०.२ मिली घालून अभिक्रिया थांबवा आणि ४१० नॅनोमीटरला शोषण पाहा.

आता खरे कष्टाचे काम. बियांचा अर्क स्वतःच पिवळसर असतो, म्हणून प्रत्येक रोधकाची विकराशिवायची नळी हवीच. तिचे शोषण वजा करा. विकर किती घ्यायचे हेही आधी ठरवा. रोधक नसलेल्या नळीत ५, १० आणि १५ मिनिटांचे आकडे सरळ रेषेत यायला हवेत. ते वाकले, तर बीएपीएनए संपत आला आहे आणि रोधकाचा परिणाम खोटाच कमी दिसेल. अशा वेळी विकर पातळ करा, वेळ कमी करून भागवू नका.

शोषणाला ८.८ ने भागले की मिलिमोलर मिळते (१ सेंमी क्युव्हेट). ०.४४ आले तर ०.०५ मिलिमोलर, म्हणजे १.२ मिलीमध्ये ६० नॅनोमोल, मिनिटाला ६.

खात्रीसाठी सोयाबीनचा ट्रिप्सिन-रोधक ठेवा. पीएमएसएफ हा रासायनिक रोधक या सामूला चटकन मोडतो, त्यावर विसंबू नका.

हरभरा आणि कारले यांचे अर्क सारख्याच प्रथिन-वजनाने घालणे मला पटत नाही. आधी दोन्ही गाईच्या ट्रिप्सिनवर, सामू ८ ला तपासा, सारखाच रोध देणारी मात्रा काढा आणि तीच अळीच्या अर्काला द्या. मग उरणारा फरक अळीच्या विकरांचा.