लाल शेरे वाढले, म्हणजे लेखन बिघडलं?

प्रश्न : कॉलेजच्या लेखन अभ्यासक्रमात यंदा माझ्या वहीवर लाल शेरे वाढलेत. त्यात घरची बोली डोकावली की लेख गावंढळ वाटतो. माझी प्रगती थांबली का?
— एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : मुळीच नाही. आधीचे शेरे ऱ्हस्व-दीर्घाचे असतील. आता ‘हे असं का?’ विचारलं जात असेल, तर तुमचा मजकूर मन लावून वाचला जातोय. जुना-नवा खर्डा शेजारी ठेवून पाहा. शेरा कळला नाही तर सरळ विचारा. ॲपकडून लेख सुधारून घेऊ नका. चुकांबरोबर तुमची ढबही जाईल. बोलीचं म्हणाल, तर कादंबरीकार श्री. ना. पेंडसे नोकरी करत मुंबईत, बेस्टमध्ये, आणि लिहीत दापोलीकडचं. ‘गारंबीचा बापू’ (१९५२) वाचाच! संवादांत बोली बिनधास्त येऊ द्या. निवेदनात ती कुठे अडखळते, ते मोठ्याने वाचून ठरवा.